नाइलाज वेगळा आणि ‘शेवटी चांगलंच झालं ना’ वेगळं

मारधाडीच्या पिक्चरवरून आमच्या कल्याण फास्टच्या ग्रुपमध्ये कायम एकच वाद, हिरोने मारलं ते बरोबर की चूक, आणि भांडणारे दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. एक म्हणजे नाइलाज. कोणी सुरा घेऊन अंगावर आलाय, पळायला जागा नाही, मग हात उचलावाच लागतो, कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क देतो, पण गरजेपुरताच. दुसरी म्हणजे हेतू चांगला म्हणून माफ केलेली हिंसा. गुंड गुडघ्यावर आलाय, हातातलं पिस्तूल पडलंय, तरी हिरो गोळी घालतो, का तर सोडला तर उद्या परत येईल. थेटरात शिट्ट्या दोन्हीला पडतात म्हणून गल्लत होते. पण पहिल्यात धोका आत्ता समोर उभा असतो, दुसऱ्यात तो हिरोच्या अंदाजात असतो.

१९८३ चा ‘अर्धसत्य’ घ्या, मुंबईतल्याच पोलिसाची गोष्ट, पटकथा विजय तेंडुलकरांची. शेवटी हा पोलीस, वेलणकर, रामा शेट्टी नावाच्या गुंडाचा गळा दाबतो तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी लॉकअपमध्ये त्याच्या माराने एक चोर मेलेला असतो, ते निस्तरायला मदत मागायलाच तो शेट्टीच्या दारात गेलेला असतो आणि हे लोक साफ विसरतात! हात तोच, राग तोच, फक्त समोरचा माणूस बदलला. चोराला मारलं ते चुकलं आणि शेट्टीला मारलं ते चालतं असं म्हणायचं तर ‘शेट्टी वाईट होता’ एवढंच कारण उरतं. पिक्चर मात्र वेलणकरला मोकळा सोडत नाही, तो स्वतःच जाऊन पोलिसांपुढे हजर होतो. ‘नरो वा कुंजरो वा’ नंतर धर्मराजाचाही रथ जमिनीला टेकलाच की.

एन्काउंटरच्या पिक्चरमध्ये अजून एक गोम असते. मेलेला गुन्हेगारच होता हे आपण पडद्यावर आधीच बघितलेलं असतं, त्यामुळे कोर्ट म्हणजे उगाच उशीर वाटतो. खऱ्या मुंबईत ते कोणीच बघितलेलं नसतं. १९९५ ते १९९७ मधल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींवर याचिका झाल्या, त्यात १३५ माणसं गेली होती, आणि त्या प्रकरणात २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर नोंदवा, तपास सीआयडी नाहीतर दुसऱ्या ठाण्याकडे द्या, मॅजिस्ट्रेटची चौकशी करा आणि चकमकीनंतर लगेच कोणाला बढती किंवा शौर्यपदक देऊ नका.