गवा की वाघ? सर्वांत कणखर वन्यप्राण्याच्या वादाची पार्श्वभूमी

एकीकडे गोव्याचा राज्यप्राणी गवा आणि दुसरीकडे रानालगतच्या गावांनी ‘वाघ्रो’ म्हणून पूजलेला पट्टेरी वाघ. या दोघांत कणखर कोण, हा प्रश्न सत्तरी, सांगे किंवा काणकोणात कोणी काढला, की ऐकणारे लगेच दोन बाजूंना होतात. एकजण गव्याच्या हजार किलोंपर्यंत जाणाऱ्या वजनाचा दाखला देतो, दुसरा वाघाच्या सुळ्यांचा. विचार मात्र दोघेही एकाच पद्धतीने करतात: मनात दोन जनावरे समोरासमोर उभी करायची आणि कोण जिंकेल ते पाहायचे. कणखरपणा झुंजीने ठरतो, हे गृहीतक फार जुने आहे. त्याच्या इतिहासातला एक जगप्रसिद्ध प्रसंग गोव्याच्या बंदरातून सुरू झाला, आणि आपल्याकडे तो व्हायला हवा तितका सांगितला जात नाही.

1514 साली भारतातील पोर्तुगीज सत्तेचा गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही, पण भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि तीत एक जिवंत गेंडा आला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याच्याकडे रवाना केला. ‘नोसा सिन्योरा द आजुदा’ हे जहाज जानेवारी 1515 मध्ये गेंडा आणि त्याचा भारतीय राखणदार यांना घेऊन गोव्याहून निघाले व 20 मे रोजी लिस्बनला पोहोचले. राजाच्या पदरी हत्ती होतेच. शिवाय गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी असून तो दगडावर शिंग पाजळतो आणि हत्तीच्या पोटावर चाल करतो, असे प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते. सुमारे चौदाशे वर्षे लोक विश्वासाने वाचत आलेले हे विधान तपासण्यासाठी 3 जून रोजी दोन्ही जनावरांना राजवाड्याजवळच्या आवारात, मोठ्या जमावासमोर आणण्यात आले. गेंडा सावकाश पुढे सरकला. तरुण हत्ती बिथरला आणि एकही टक्कर न होता पळून गेला.

गेंडा विजयी ठरला. मला मात्र या निकालात कणखरपणाचा पुरावा दिसत नाही. एक कोवळा हत्ती आणि परक्या देशात चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर उभा केलेला एक गेंडा, यांच्यात प्रत्यक्ष लढत झालीच नाही. ‘पळाला तो हरला’ एवढ्या एका नियमावर निर्णय लागला. हाच नियम गोव्याला धिरयोमुळे, म्हणजे बैलांच्या झुंजीमुळे, ओळखीचा आहे. पाठ फिरवणारा बैल हरतो. 1996 साली उच्च न्यायालयाने धिरयोवर बंदी आणली, तरी तो नियम लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही आणि रानातल्या जनावरांविषयी बोलतानाही तोच लावला जातो. लिस्बनच्या गेंड्याचे चित्र जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने त्याला कधीही न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढले. त्याने कातडीच्या जागी जणू चिलखताचे पत्रेच जडवले, आणि युरोपने पुढची दोनशेहून अधिक वर्षे गेंडा तसाच असतो असे मानले. प्रत्यक्षातला गेंडा 1516 च्या आरंभी पोपकडे पाठवला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. गेंड्याला पोहता येते, पण हा साखळदंडांनी जखडलेला होता.

गोव्यातील परंपरेत बळाची कल्पना वेगळ्या वाटेने आली आहे. कदंब राजांनी आपल्या नाण्यांवर सिंह घातला. गावकऱ्यांनी मात्र आपल्याच डोंगरात वावरणाऱ्या वाघाला देवपण दिले. सत्तरीतला वाघेरी डोंगर आणि फोंड्यातले वाघुर्मे ही नावे त्याच ओळखीची आहेत. कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथील जांभ्या खडकावरची कोरीव चित्रे 1993 मध्ये अभ्यासकांसमोर आली. त्यांत बैल आणि गव्यासारखी जनावरे ठसठशीत दिसतात.

कोकणातल्या जुन्या समजुतीत तर कोळसुंद्याचा, म्हणजे रानकुत्र्याचा, क्रम वाघाच्याही वर लागतो, कारण कोळसुंद्यांच्या टोळीपुढे वाघ वाट सोडतो, असे मानले जाते. ही टोळी झुडपांवर मूत्र शिंपडून वाघाला आंधळे करते, हा त्या समजुतीचा भाग खरा नाही. तरीही एकट्याच्या ताकदीऐवजी टोळीच्या चिकाटीला मान देणारा हा विचार मला लिस्बनच्या चाचणीपेक्षा अधिक शहाणा वाटतो.

विसाव्या शतकात जंगलात राहून निरीक्षण करणारे अभ्यासक आले आणि प्रश्नाचे रूप बदलले. 1960 च्या दशकात कान्हा येथे काम केलेल्या जॉर्ज शॅलर यांचा अंदाज असा होता, की वाघाच्या साधारण वीस प्रयत्नांतून एखादाच यशस्वी होतो. वाघ पूर्ण वाढलेला गवाही मारतो, परंतु धोका ओळखून तो बहुधा वासरू किंवा एकटे पडलेले जनावर निवडतो. उलट, गव्याच्या शिंगांनी वाघ मेल्याच्याही नोंदी आहेत. जायबंदी झालेल्या वाघाला पुढची शिकार साधत नाही, म्हणून माघार घेणे हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे.

ज्या संकटांपुढे ही दोन्ही जनावरे खरोखर कोसळली, ती कोणत्याही झुंजीत समोर येत नाहीत. 1968 मध्ये बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत पाळीव गुरांमधला बुळकांड्या रोग पसरला आणि गव्यांचे कळपच्या कळप नाहीसे झाले; तो रोग जगातून हटल्याचे 2011 साली जाहीर झाले. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतील गोळावली येथे म्हादई अभयारण्याच्या परिसरात चार वाघ विषप्रयोगाने मेले. त्यांत एक वाघीण आणि तिचे बछडे होते. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने हा प्रदेश तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.