निकोडेमस : कॅन्ससच्या प्रेअरीतल्या एका गावाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातल्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळरानावर, ग्रॅहॅम काउंटीत, महामार्ग क्रमांक २४ ला लागून निकोडेमस नावाचं गाव आहे. कायमची वस्ती वीस माणसांचीही नाही. पोस्ट ऑफिस १९५३ मध्येच बंद झालं. तरीही यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन सांभाळणारी नॅशनल पार्क सर्व्हिस १९९६ पासून या गावाचीही देखभाल करते. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला वसवलेल्या गावांपैकी आजवर टिकून राहिलेलं सर्वांत जुनं गाव म्हणून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. निकोडेमसची गोष्ट बहुतेक वेळा 'वसलं, बहरलं, ओस पडलं' अशी सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. या गावाचा इतिहास माणसं मोजून कळत नाही. जमीन कोणाच्या नावावर होती आणि ती कोणी, कशी धरून ठेवली, हे पाहिलं की तो उलगडतो.

सुरुवात केंटकीपासून करायला हवी. केंटकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूला राहिलं, त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा, जो फक्त बंड केलेल्या दक्षिणेसाठी होता, तिथे लागू झालाच नाही. तिथल्या उरलेल्या गुलामांची कायदेशीर सुटका डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने झाली. सुटका झाली, पण हातात काही नव्हतं. दक्षिणेत मुक्त झालेल्या काही कुटुंबांना युद्ध संपता संपता चाळीस-चाळीस एकर जमीन देऊ केली होती, ती राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी काही महिन्यांत जुन्या मालकांना परत केली. मग उरली ती जुन्याच मालकाच्या रानात वाट्याने केलेली शेती आणि दर हंगामाला वाढत जाणारं कर्ज. त्यातच १८७७ मध्ये दक्षिणेत राहिलेल्या शेवटच्या केंद्रीय फौजांनी राजकारणातून अंग काढून घेतलं आणि काळ्या माणसाच्या मताला नि जिवाला जे थोडं संरक्षण होतं तेही गेलं.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं ते १८७३ साली, म्हणजे निकोडेमस वसण्याच्या चार वर्षं आधी. पुण्यात बसून त्यांनी त्या मुक्तीकडे किती आशेने पाहिलं होतं! त्याच वर्षांत ती मुक्ती मिळालेली माणसं तिकडे स्वतःच्या जमिनीसाठी घर सोडायच्या तयारीत होती, हे मराठी वाचकाने मनात शेजारीशेजारी ठेवावं.

कॅन्ससच का, याचं एक कारण भावनिक होतं. युद्धाच्या आधी गुलामगिरीविरुद्ध जॉन ब्राउन लढला तो याच भूमीवर, आणि १८६१ मध्ये हे राज्य गुलामगिरीमुक्त म्हणूनच संघात आलं. दुसरं कारण रोकडं होतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येत होता. पाच वर्षं तिथे राहून ती कसली की जमीन आपली. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर स्वतःचं नाव, तेही ज्यांना काल-परवापर्यंत कायद्याने मालमत्ता समजलं जात होतं त्यांचं. ती जमीन मोकळी कशी झाली हेही विसरू नये. पॉनी, कॉ, शायेन, ओसेज अशा लोकांना करार करून, करार मोडून आणि सैन्य धाडून तिथून हटवलं होतं.

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाहून आलेला गोरा जमीन-दलाल तिचा कर्ताधर्ता होता आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक अध्यक्ष होते. रेव्हरंड सायमन राउंडट्री चिटणीस होते. मालकाच्या मुलाकडून वाचायला शिकले म्हणून गुलामगिरीत त्यांच्या चेहऱ्यावर डाग दिला होता, असं गावात सांगत आले आहेत. केंटकीत लेक्झिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या परिसरात, चर्चमधून, कंपनीची पत्रकं वाटली गेली. पाच डॉलर भरा आणि वसाहतीत या. सुपीक माती, पाणी आणि शिकार यांचं वर्णन सढळ हाताने केलं होतं.

जुलैमध्ये पहिले तीसेक जण आले, सप्टेंबरमध्ये लेक्झिंग्टनकडून तीनशेच्या आसपास माणसं आली. एलिस हे जवळचं रेल्वे स्टेशन, तिथून पुढे गावापर्यंत मैलोन् मैल चालत. पोचल्यावर दिसलं काय, तर गवत. झाड नाही, घर नाही, पेरणीचा हंगाम उलटून गेलेला. लोक इतके संतापले की हिलला लपून बसावं लागलं, अशी आठवण सांगतात. काही कुटुंबं आल्या पावली परत फिरली.

विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदवून ठेवलेली आहे, आणि निकोडेमसबद्दल एकच गोष्ट वाचायची तर मी तीच वाचायला सांगेन. त्या १८७८ च्या वसंतात जॉर्जटाउनकडून आल्या. एलिसला मुक्कामात गोवराची साथ आली आणि काही मुलं गेली. मग दोन दिवस माळावरून प्रवास. पुरुष मंडळी 'निकोडेमस आलं' म्हणून ओरडली तेव्हा त्या आजारी होत्या. उठून पाहू लागल्या, गाव कुठे आहे म्हणून विचारलं. नवऱ्याने जमिनीतून निघणारे धुराचे लोट दाखवले आणि म्हणाला, तेच निकोडेमस. माणसं जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होती. बाईंना रडू कोसळलं.

ती घरं म्हणजे उताराला किंवा सपाट जमिनीत खणलेली खोली, वर काठ्यांचं आणि काटक्याकुटक्यांचं छप्पर, त्यावर गवताच्या मुळांनी घट्ट विणलेले मातीचे थर. लाकूड नव्हतं म्हणून चुलीत सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि माळावर पडलेलं वाळलं शेण. अशाच जागी एमा विल्यम्स यांचा मुलगा हेन्री ऑक्टोबर १८७७ मध्ये जन्मला, गावातलं पहिलं बाळ. झॅकरी फ्लेचर पहिले पोस्टमास्तर झाले आणि त्यांच्या पत्नी जेनी यांनी खोदघरातच शाळा सुरू केली. साऱ्या वसाहतीत घोडे होते तीन. नांगर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी प्रेअरीची ती चिवट जमीन कुदळ-फावड्याने फोडली. पुरुष रेल्वेच्या कामावर किंवा दूरच्या शेतांवर मजुरीला जात, आणि मागे बायका-मुलं दावा सांगितलेल्या जमिनीवर मुक्काम ठोकून राहत, कारण जमीन सोडली की हक्क गेला.

पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातलं मांस आणि अन्न या वसाहतीला दिलं, असं गावातली पिढी पुढच्या पिढीला सांगत आली आहे. त्याच दशकाच्या सुरुवातीला ओसेजांना कॅन्ससमधल्या स्वतःच्या जमिनीवरून दक्षिणेला जावं लागलं होतं. मला या साऱ्या इतिहासात याहून मोठं माणूसपण दुसरं दिसत नाही.

पुढची दहा वर्षं चढती होती. एडवर्ड मॅकेब हे शिकलेले तरुण गृहस्थ १८७८ मध्ये आले, लोकांच्या जमिनीचे दावे शोधून देणं, कागद करणं ही कामं त्यांनी हाती घेतली. नवख्या, बहुतांशी निरक्षर शेतकऱ्यांना याची केवढी गरज असेल! ग्रॅहॅम काउंटी १८८० मध्ये रीतसर स्थापन झाली तेव्हा ते तिचे कारकून झाले, आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले, १८८४ मध्ये पुन्हा. राज्यव्यापी पदावर कृष्णवर्णीय माणूस निवडून येणं ही त्या काळात दक्षिणेबाहेर न घडलेली गोष्ट होती. गावात चुनखडीच्या दगडाच्या इमारती उठल्या. फ्लेचर यांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल त्यातलंच. १८८७ पर्यंत 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'एंटरप्राइज' अशी दोन वृत्तपत्रं, दुकानं, चर्च, बँक, साहित्य मंडळ, बेसबॉलचा संघ, आइस्क्रीमचं दुकान, एवढं सगळं या गावात होतं.

उणीव होती ती रेल्वेची. प्रेअरीत रूळ आले तर गहू बाहेर जाणार, लाकूड-कोळसा आत येणार. मिसुरी पॅसिफिक कंपनीने यावं म्हणून मार्च १८८७ मध्ये मतदारांनी सुमारे १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी जमिनीत राहणाऱ्या माणसांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं हे कर्ज. ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक कंपनीने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेला, म्हणजे गावाच्या पलीकडच्या तीराला, आणि काही मैलांवर बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. व्यापारी तिकडे सरकले, काहींनी तर अख्खी दुकानंच उचलून नेली. मॅकेबही पुढे ओक्लाहोमात गेले आणि तिथे लँग्स्टन हे गाव वसवण्यात पुढे राहिले.

इथे गाव मेलं असं समजायची पद्धत आहे. पण गेले ते मुख्यतः व्यापारी; शेतकरी राहिले. रूळ सरकले म्हणून १६० एकर सरकत नाहीत. पुढची चाळीसेक वर्षं निकोडेमस शेतीच्या जोरावर उभं राहिलं. खरा घाव बसला तो १९३० च्या दशकात. हा प्रदेश शंभराव्या रेखांशाला लागून आहे, तिथून पश्चिमेला पावसाचा भरवसा उरत नाही. आधी धान्याचे भाव कोसळले, मग वर्षानुवर्षं दुष्काळ आणि धुळीची वादळं. कर्ज काढून जमीन राखणं ज्यांना जमलं नाही ते शहरांकडे गेले. टाउनशिप हॉल, म्हणजे गावाचं सभागृह, मात्र याच दशकात, १९३९ मध्ये, सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीच्या दगडात बांधला गेला. तो आजही उभा आहे.

गेलेली माणसं तुटली नाहीत. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीची आठवण म्हणून १ ऑगस्टच्या सुमाराला गावात उत्सव भरायचा. एका शेतकऱ्याच्या झाडीत जेवणावळी, बेसबॉल, भाषणं असा तो सोहळा असे. तोच आता जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी 'होमकमिंग' म्हणून होतो. देशभरातून वंशज येतात, नातवंडांना पणजोबांची शेतं दाखवतात. गाव १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक खुणांच्या यादीत गेलं आणि १९९६ मध्ये काँग्रेसने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं, त्यामागे या वंशजांचा पाठपुरावा होता. टाउनशिप हॉल, दोन चर्च, शाळा आणि सेंट फ्रान्सिस हॉटेल अशा पाच इमारती त्यात येतात. १९३२ मध्ये निकोडेमसला जन्मलेले व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामांकित अमेरिकन फुटबॉल संघात निवडले गेले, पुढे विद्यापीठात अधिकारी झाले, आणि घरची गावाकडची शेतीही त्यांनी सोडली नाही. २०२२ मध्ये ते वारले.

जमिनीची लढाई आजही संपलेली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने कर्ज देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं डावललं, असा आरोप करणारा 'पिगफर्ड' हा मोठा दावा १९९९ मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यातून भरपाईची रक्कम एक अब्ज डॉलरच्या घरात गेली. निकोडेमसच्या शेतकऱ्यांच्याही अशाच तक्रारी होत्या. भरपाई मिळाली त्यांनाही लिलावात गेलेली जमीन परत मिळाली नाही. राहिलेल्या जमिनीवर गावाशी नातं असलेली मोजकी कुटुंबं अजून गहू पिकवतात, आणि कॅन्ससमधल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संघटना याच गावाच्या आधाराने उभी आहे. कर्जाचे अर्ज भरायला मदत करणं आणि तरुणांना शेतीकडे वळवणं ही तिची कामं.