सौदीचे पैसे पाकिस्तानात: बक्षीस वेगळं आणि ठेव वेगळी

सौदीने पाकिस्तानला इतके अब्ज डॉलर दिले अशी बातमी आली की आपल्याकडे सगळे एकच अर्थ काढतात, फुकटात मिळाले. पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि ते एकत्र कालवले की हे सौदी-पाकिस्तान प्रकरण डोक्यात बसतच नाही. एक बक्षीस, जे परत करायचं नसतं. दुसरी ठेव, म्हणजे पैसे सौदीचेच, फक्त पाकिस्तानच्या स्टेट बँकेत, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेत, ठेवलेले. सासऱ्याने जावयाला स्कूटर घेऊन देणं वेगळं आणि व्हिसावाल्यांना बॅलन्स बरा दिसावा म्हणून त्याच्या खात्यात काही महिने रक्कम पार्क करून ठेवणं वेगळं, तसंच.

बक्षिसाचं ठळक उदाहरण २०१४ चं. नवाझ शरीफ पंतप्रधान होते, इशाक दार अर्थमंत्री, आणि अचानक दीड अब्ज डॉलर आले. आधी नुसतं 'मित्रदेशाकडून' एवढंच सांगितलं, मग कळलं सौदी. पाकिस्तानी रुपया तेव्हा एकदम वधारला. शरीफ घराण्याचे सौदीशी संबंध जुने, लष्करप्रमुख मुशर्रफने सत्ता बळकावून हाकलल्यावर नवाझ जेद्दाहलाच जाऊन राहिले होते, त्यामुळे हे फार नवलाचं नव्हतं.

नवल पुढच्या वर्षी झालं. मार्च २०१५ मध्ये सौदीने येमेनवर बॉम्बिंग सुरू केलं आणि पाकिस्तानकडे विमानं, जहाजं, सैनिक मागितले. आता १९८२ पासून दोघांत लष्करी करार, ऐंशीच्या दशकात हजारो पाकिस्तानी सैनिक सौदीत तैनात होते, वर आदल्याच वर्षीचं बक्षीस, म्हणजे नाही कसं म्हणणार? पण १० एप्रिलला पाकिस्तानच्या संसदेने ठरावच केला की आम्ही तटस्थ राहणार. आखातात जाम संताप, यूएईच्या एका मंत्र्याने तर याची किंमत मोजावी लागेल असं उघड सुनावलं. पण दीड अब्ज परत मागायची काही सोयच नव्हती ना, ते देऊन झालेले.

आता ठेव बघा. ऑक्टोबर २०१८, इम्रान खान नवे नवे पंतप्रधान, परकीय गंगाजळी आटत चाललेली, तेव्हा सौदीने ३ अब्ज डॉलर ठेवायचं कबूल केलं आणि शिवाय तेल उधारीवर. यातले ठेवीचे डॉलर गंगाजळीच्या आकड्यात धरले जातात, त्यामुळे आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) आणि बाकीच्या सावकारांना धीर येतो, पण खर्च करायची हिंमत होत नाही कारण मालक कधीही मागू शकतो. व्याजही आहेच, २०२१ मध्ये पुन्हा ३ अब्ज ठेवले तेव्हा दर ४ टक्के होता. मुदत वर्षाची, म्हणजे दरवर्षी जाऊन 'अजून थोडे दिवस राहू द्या' म्हणायचं, आणि ते म्हणायला शक्यतो लष्करप्रमुखही जातात हे विसरू नका.

याचा खरा चटका डिसेंबर २०१९ ला दिसला. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर आणि तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांची मलेशियात मुस्लिम देशांची परिषद होती, सौदीला ती अजिबात आवडलेली नव्हती, आणि इम्रान खानने ऐनवेळी जाणं रद्द केलं. एर्दोगानने नंतर जाहीरच सांगितलं की सौदीने ठेव काढून घ्यायची आणि पाकिस्तानी कामगार परत पाठवायची धमकी दिली होती. सौदीने ते नाकारलं, ते नाकारणारच. पण सौदीत लाखो पाकिस्तानी काम करतात आणि त्यांच्या पगारातून घरी जाणारा पैसा कुठल्याही ठेवीपेक्षा कितीतरी मोठा, तेव्हा ती धमकी दिली असो वा नसो, इस्लामाबादला न सांगताही समजते. २०२० मध्ये तर सौदीने खरंच त्यातले दोन अब्ज परत घेतले आणि ते फेडायला पाकिस्तानने चीनकडे हात पसरले.

माझं मत विचाराल तर येमेनच्या नकारानंतर सौदीला शहाणपण आलं, बक्षीस दिलं की हातातून गेलं, ठेवीची दोरी मात्र आपल्याकडेच राहते. हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही, पण नंतरचा हिशोब बघा, जुलै २०२३ मध्ये पाकिस्तान डिफॉल्टच्या, म्हणजे कर्ज थकवण्याच्या, तोंडावर होता आणि आयएमएफचं बोर्ड कर्जाला मंजुरी देणार त्याच्या आदल्या दिवशी आलेले २ अब्जसुद्धा ठेवच.

मग १७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान (एमबीएस) आणि पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाझ शरीफ यांनी संरक्षण करारावर सह्या केल्या, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला. इस्रायलने दोहावर हल्ला करून जेमतेम आठवडा झाला होता. आपल्याकडे लगेच चर्चा, सौदीने पैसे देऊन अणुबॉम्ब भाड्याने घेतला. बॉम्बचं त्या दोघांनाच माहीत, पण एवढी जानी दोस्ती कागदावर आली म्हणून जुन्या ठेवींचं काही बक्षीस झालं नाही, त्या आहेत तिथेच, व्याजासकट.