ओझोनचं भोक वेगळं, मे महिन्यातला घाम वेगळा

मे महिन्यात आमच्या वास्कोतल्या फ्लॅटमधला एसी नुसतीच हवा मारायला लागला, गारवा शून्य, म्हणून नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बाहेरच्या युनिटला गेज लावलं, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय. भरावा लागेल." हे सलग तिसरं वर्ष. समुद्राची खारी हवा कॉइल खाते हे इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी काही बोललो नाही, फक्त गरमी किती वाढलीय असं सहज म्हटलं, तर तो घाम पुसत म्हणाला, "ओझोनाक बुराक पडला मरे काका, म्हणून तर."

मी मान हलवली. नंतर लक्षात आलं की हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय, त्यात बीएस्सी झालेले पण आहेत, माझा एक भाऊ तर शाळेत शिकवतो आणि तोही हेच सांगतो. भोक पडलं, त्यातून जास्त ऊन आत येतं, म्हणून पृथ्वी तापते. ऐकायला इतकं सरळ वाटतं की पटतंच. पण तसं नाहीये. आणि गंमत म्हणजे हे बोलताना त्याच्या हातात जो सिलिंडर होता ना, या दोन वेगळ्या गोष्टींची गाठ नेमकी त्याच्यात पडते.

आधी वेगळेपण बघू. गोवा-महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका आठवा. गोव्यात येताना एक तपासणी, गोव्यातून बाहेर पडताना दुसरी, आणि खरी अडवणूक कुठे होते ते डिकीत दारूच्या बाटल्या घेऊन पलीकडे महाराष्ट्रातल्या इन्सुलीपर्यंत गेलेल्या माणसाला विचारा. पृथ्वीचं तसंच आहे. येणाऱ्या उन्हात जे अतिनील किरण असतात, ज्याने कातडी भाजते, मोतीबिंदू होतो, त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो, त्यांना ओझोन नावाचा वायू वरच्या वर अडवतो. बाकीचं ऊन आत येतं, जमीन तापते, आणि ती तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत बाहेर सोडते. ह्या जाणाऱ्या गाडीला अडवणारे लोक वेगळे: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड. ते ही उष्णता शोषतात आणि त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. यांची संख्या वाढली की उष्णता बाहेर पडायला अडते आणि आपण तापतो. ओझोन कमी झाला म्हणून जास्तीचे जे अतिनील किरण आत येतात त्यांनी पृथ्वी तापत नाही, उलट ओझोन स्वतःही थोडी उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे वरचा ओझोन घटल्याचा परिणाम हिशोबात किंचित गारव्याच्या बाजूला जातो. किंचितच, पण गरमीच्या बाजूला नाही.

शिवाय ते भोक आपल्या डोक्यावर नाहीच. ते अंटार्क्टिकावर, आणि तेही वर्षातले काही महिने. भोक म्हणजे आरपार छिद्र पण नव्हे, तिथला ओझोन खूप पातळ होतो इतकंच. तसा तो जाड कुठेच नाही. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर तो विरळ पसरलेला असतो, सगळा गोळा करून समुद्रसपाटीला आणून ठेवला तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. साबुदाण्याच्या दाण्याएवढा. मे च्या सुरुवातीला गोव्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच जाते, तेव्हा अतिनील किरण जोरात असतात ते सूर्य सरळ वर असतो म्हणून, भोकामुळे नाही.

मग भोक पाडलं कोणी? तर फ्रिजने. पूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी गॅस असायचे, लीक झाला तर घरातली माणसं मरायची. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन जोडून नवा गॅस शोधला, जो जळत नाही, विषारी नाही, कशाशी भांडत नाही. १९३० मध्ये त्याने हा गॅस भर सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली, झाली दोन्ही गोष्टींची खात्री एकदम. हाच गृहस्थ पेट्रोलमध्ये शिसं घालायची आयडिया काढणारा. एका माणसाने हवेचं इतकं वाटोळं केलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि बिचाऱ्याला ते कळलंही नाही, १९४४ मध्येच गेला.

गॅस कशाशी भांडत नाही हाच तर घोळ झाला. खाली काही त्याला तोडत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं तरंगत राहतो, काही प्रकार तर शंभर वर्षं, आणि हळूहळू वर चढतो. तिथे कडक अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीन सुटतो, आणि तो ओझोन तोडायला लागतो. स्वतः संपत नाही, एकाला तोडून झालं की मोकळा, पुढच्याकडे. असा एक अणू लाखभर ओझोनचे रेणू खाऊ शकतो. हे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी कागदावर मांडलं तेव्हा कंपन्यांनी त्यांची टरच उडवली. मग १९८५ मध्ये ब्रिटिशांच्या हॅली स्टेशनवरचे जो फार्मन आणि त्यांचे दोन सहकारी म्हणाले की अंटार्क्टिकावरचा ऑक्टोबरमधला ओझोन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलाय. एवढा खड्डा कोणाच्याच अंदाजात नव्हता.

आणि तिथेच का, हे कोडं होतं. फ्रिज आणि स्प्रेचे डबे अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये, भोक मात्र जिथे माणूस नाही तिथे. उत्तर सुसान सॉलोमन यांच्या कामातून पुढे आलं, त्या १९८६ मध्ये स्वतः तिथे जाऊन मोजमाप करून आल्या. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात महिनोनमहिने अंधार, वरच्या हवेत उणे ७८ अंशांच्याही खाली थंडी, आणि भोवती वाऱ्यांचा असा भोवरा की आतली हवा आतच. एवढ्या थंडीत तिथे ढग तयार होतात आणि त्या ढगांच्या कणांवर, निरुपद्रवी रूपात बसलेला क्लोरीन मोकळ्या रूपात येऊन थांबतो. सप्टेंबरमध्ये सूर्य परत आला रे आला की सगळा क्लोरीन एकदम कामाला लागतो, काही आठवड्यांत ओझोन साफ. म्हणजे आपल्याकडे गणेशचवथीची माटोळी बांधायची वेळ असते, त्याच सुमारास तिकडे भोक मोठं व्हायला लागतं.

अंटार्क्टिका ऐकून लांबचं वाटतं, पण आम्हा वास्कोकरांना नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली होती, 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं जहाज भाड्याने घेतलेलं, २१ माणसं, पुढारी डॉ. सय्यद जहूर कासिम, जे त्याआधी दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे डायरेक्टर होते. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. भोकाची बातमी जगाला कळायच्या तीन वर्षं आधी. आज ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र इथेच हेडलँड सड्यावर आहे, आणि तिकडे मैत्री स्टेशनवर हवामान खात्याचे लोक फुग्याला यंत्र बांधून ओझोन मोजायला वर सोडतात. सड्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

भोकाची गोष्ट मात्र चांगल्या वळणावर गेली, आणि हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये फ्रिजचे हे गॅस कमी करत न्यायचा करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला, आणि हळूहळू जगातला प्रत्येक देश आला. सगळे देश ज्यावर सह्या करतात असे करार किती असतात सांगा! शिल्लक क्लोरीन जायला वेळ लागणार, पण उत्सर्जन थांबल्याने ओझोन सावरतोय. अंदाज असा की बहुतेक जगावर तो २०४० च्या आसपास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास.

आता गाठ कुठे पडते ते. वीरभद्रन रामनाथन हे नाव फार लोकांना माहीत नसतं. तरुणपणी हे सिकंदराबादला एका फ्रिजच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि तिथे त्यांचं काम काय, तर गॅस लीक का होतो ते शोधणं. पुढे अमेरिकेला गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी दाखवलं की हाच फ्रिजचा गॅस ओझोनचं जे करायचं ते करतोच, पण उष्णता अडवण्यातही एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हजारो पट भारी आहे. म्हणजे तोवर सगळे येण्याच्या नाक्याकडे बघत होते, आणि हा पठ्ठ्या गॅस दोन्ही नाक्यांवर उभा.

म्हणून माँट्रियल कराराने भोकाबरोबर गरमीलाही बराच लगाम बसला. पण क्लोरीन काढून जे नवीन गॅस आले ते ओझोनला हात लावत नाहीत, उष्णता मात्र अडवतातच. मेकॅनिक लोक ज्यांना नुसतं बावीस, चारशे दहा, बत्तीस म्हणतात ते बघा. आर-२२ त्यातला जुना, त्यात थोडा क्लोरीन अजून असतोच; तो एक किलो हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आर-४१० ए चा आकडा २,०८८, म्हणजे ओझोनसाठी सभ्य पण गरमीसाठी जास्तच वाईट. आर-३२ चा ६७५.

हे आकडे डोक्यात बसत नाहीत म्हणून मी स्कूटरचा हिशोब केला. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो बावीस म्हणजे जवळजवळ ७९० लिटर पेट्रोल, स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर ३५,००० किलोमीटर. गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर धरा, पत्रादेवी ते पोळे तीनशेहून जास्त वेळा! आणि मी पर्यावरण पर्यावरण करत मार्केटला चालत जातो. आर-२९०, म्हणजे खरं तर प्रोपेन, त्याचा आकडा ३ च्या आसपास, त्या हिशोबाने पणजी-मडगाव जाऊन-येऊन विषय संपला, पण तो पेट घेतो म्हणून एसीत तो बेताने आणि काळजीने भरावा लागतो. ह्या नव्या गॅसांसाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल करारालाच जोड दिली गेली, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली, आपली कपात २०३२ पासून सुरू आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के.

तरी एक गैरसमज लगेच नको, की मे महिन्यातला आपला घाम एसीच्या गॅसमुळे. मुख्य गुन्हेगार जुनाच, कोळसा-पेट्रोल-डिझेलचा कार्बन डायऑक्साइड. कारखाने यायच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत तो २८० होता, आता ४२० च्या वर आहे. दहा लाखात चारशे म्हणजे काय होणार असं वाटतं, पण युनिस फूट नावाच्या बाईने १८५६ मध्येच काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की ह्या गॅसची नळी साध्या हवेपेक्षा जास्त तापते आणि गार व्हायला कितीतरी जास्त वेळ घेते. त्यात आपल्याला बाजूला अरबी समुद्र. तो तापतोय, आणि हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून गोव्यात पारा ३४ वर असला तरी घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. शिवाय वाफ स्वतःच उष्णता अडवते. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा किती झाडं पडली, किती दिवस लाईट नव्हते ते गोव्यात सगळ्यांना आठवत असेल, तापलेला समुद्र अशा वादळांना खायला घालतो.

त्याच समुद्रात अजून एक भानगड आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खोलचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाकडचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तिथले जिवाणू मग ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. दोना पावलच्या शास्त्रज्ञांनी, सय्यद वाजिह नकवी आणि मंडळींनी, हे २००० मध्ये जगापुढे मांडलं, आणि कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागेवर जाऊन पाणी तपासायचं काम संस्था वर्षानुवर्षं करत आलीय. शेतातली खतं वाहून समुद्रात आली की हा प्रकार वाढतो. आता गंमत बघा, नायट्रस ऑक्साइड शंभरेक वर्षं टिकतो, उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट, आणि वर गेला की ओझोनही तोडतो. फ्रिजचे गॅस बंद होत गेल्यावर आज माणूस सोडत असलेल्यांत ओझोनला सगळ्यात जास्त नुकसान करणारा हाच. माँट्रियल करारात तो नाही. तो मुख्यतः युरियाच्या शेतातून येतो, त्यामुळे फ्रिज बदलण्याइतकं ते सोपं नाही.

हे सगळं त्या दिवशी मेकॅनिकला सांगायला मी काही बसलो नाही, त्याला अजून चार घरं करायची होती. फक्त विचारलं, की दर वर्षी भरलेला गॅस जातो कुठे. हसला. म्हटलं, मग लीक शोध ना. तर म्हणाला, "लीक शोधायचे पैसे वेगळे, आणि कॉइल उघडायची झाली तर उरलेला गॅस काढून घ्यायचं मशीन लागतं, ते जड असतं, स्कूटरवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? सगळे सोडूनच देतात." मी म्हटलं मशीन आण, पैसे देतो, एक पोरगा पण घेऊन ये सोबत.

दोन दिवसांनी दोघं आले. युनिटच्या जॉइंटना साबणाचा फेस लावला आणि वाट बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग मागच्या एका वळणावर, हिरवट पडलेल्या तांब्यावर, एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. "हांगा आसा," तो म्हणाला. टाचणीच्या टोकाएवढं सुद्धा नव्हतं.