काचबिंदूला काळी चौकट नसते

काचबिंदूच्या रुग्णाला जग कसे दिसते हे सांगणाऱ्या माहितीपत्रकांत बहुधा एक छायाचित्र असते: कडा काळ्याकुट्ट, मध्ये वाटोळा झरोका. हे चित्र दिशाभूल करते, कारण असा काळोख बहुतेक रुग्णांना दिसतच नाही. निरोगी डोळ्यातही जिथून दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर असलेली ही रिकामी जागा मेंदू भोवतालच्या दृश्यावरून भरून काढतो, आणि दुसरा डोळाही ती झाकून घेतो. काचबिंदूत दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू मरत असताना मेंदू हेच करीत राहतो. म्हणून म्हापशाच्या बाजारात समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचणाऱ्या गृहस्थांना बाजूने आलेली स्कूटर मात्र अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि दोष स्कूटरवाल्याच्या माथी जातो.

मोतीबिंदू इतका लपत नाही. त्यात डोळ्याचे भिंग गढूळ होते आणि आत शिरणारा प्रकाश विखुरतो. त्यामुळे रात्री मांडवीच्या पुलावर समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरट, वलयांकित दिसतात आणि जत्रेत मंगेशीच्या दीपस्तंभावरील ज्योती एकमेकींत मिसळून जातात. पिवळसर झालेले भिंग निळा प्रकाश अडवते, पण हा बदल अनेक वर्षांत होत असल्याने लक्षात येत नाही. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहावे: एकाला पांढरी दिसणारी चर्चची भिंत दुसऱ्याला मळकट दिसते. मोतीबिंदूचा आणखी एक प्रकार फसवा आहे. भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची शक्ती वाढते, जवळचे पुन्हा स्पष्ट दिसू लागते, आणि आजोबा चष्म्याविना वर्तमानपत्र वाचता येते म्हणून खूश होतात. घरच्यांनीही कौतुक करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, कारण ही सवलत तात्पुरती असते.

मधुमेहात रक्तातील साखर वरखाली झाली की भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि चष्म्याचा नंबरही हलतो. साखर स्थिर होण्याआधी नवा चष्मा करणे व्यर्थ ठरू शकते. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, मध्यभागी बिघाड झाला तर दाराची सरळ चौकट वाकडी दिसते आणि समोरच्याचा चेहरा पुसट होतो, बाजूचे मात्र शाबूत राहते.

मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातील दाब कमी करून पुढची हानी रोखायची, एवढेच हाती असते. त्यातही केवळ दाब मोजून भागत नाही, कारण दाब सामान्य असूनही हा विकार होतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ दृष्टिचेतेचे मुख पाहतात आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी घेतात. एक डोळा झाकून रुग्णाने मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि भोवती कुठेही प्रकाश चमकला की बटण दाबायचे. ज्या जागी प्रकाश पुन्हा पुन्हा चमकूनही बटण दाबले जात नाही, त्या जागेची नोंद यंत्र करून ठेवते.