तुकडीची हालचाल आणि वळण (ऐतिहासिक युद्धखेळ)

ऐतिहासिक युद्धखेळात, म्हणजे जुन्या लढाया नकाशावर किंवा टेबलावर मांडून खेळण्याच्या प्रकारात, एका डावात (खेळाच्या एका फेरीत) तुकडी किती अंतर जाईल, तिचे तोंड कुठे असेल आणि तोंड फिरवायला चालीतले किती अंतर खर्ची पडेल, हे ठरवणारे नियम. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी रचलेल्या युद्धखेळाच्या 1824च्या नियमांत नकाशा 1:8000 प्रमाणाचा आणि एक डाव 2 मिनिटांचा होता. चालीचे अंतर त्या दोन मिनिटांत सैन्य किती चालेल यावरून ठरे. आजचे नियमसंच वेगवेगळी माने धरतात, मात्र विचार तोच आहे.

तुकडीला आघाडी, दोन बगला आणि पिछाडी असते. ती आघाडीच्या दिशेने सरळ जाते आणि बगलेवर मार बसला की दुबळी ठरते. वळणाला किंमत नसती तर कुणाची बगल कधी सापडलीच नसती, म्हणून चालीपेक्षा वळणाचे नियम जास्त काटेकोर असतात. वादही तिथेच होतात.

एनसीसीची कवायत केलेल्यांना ‘दाहिने मूड’ आणि ‘दाहिने घूम’ यांतला फरक माहीत असतो. पहिल्यात प्रत्येक जण जागच्या जागी वळतो, दुसऱ्यात अख्खी रांग एका टोकाभोवती फिरते. खेळाडू या दुसऱ्या प्रकाराला व्हील म्हणतात. आतला पुढचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, बाहेरचा पुढचा कोपरा कमानीत फिरवायचा आणि त्या कमानीची लांबी चालीतून वजा करायची. 40 मिमीचे चार तळ (छोटे सैनिक ज्यांवर चिकटवतात त्या चौकोनी पट्ट्या) शेजारी लावले की आघाडी 16 सेंमी होते. चाल 20 सेंमी धरली, तर 45 अंशांच्या वळणाला सुमारे 12.6 सेंमी जातात आणि सरळ जायला 7.4 उरतात. 90 अंशांना 25.1 सेंमी लागतात, म्हणजे एका डावात ते वळण होतच नाही. तेच चार तळ एकामागे एक लावले तर आघाडी 4 सेंमीची होते आणि काटकोनाला जेमतेम 6.3 सेंमी पुरतात. रांगेने लढायचे आणि स्तंभाने चालायचे, हे सेनापतींचे जुने गणित इथे फूटपट्टीवर उतरते. स्तंभाची रांग करायला मात्र बऱ्याच नियमांत पूर्ण डाव जातो. शत्रू समोर आल्यावर ते सुचले तर उशीर झालेला असतो.

सर्वांत मोठी गफलत मध्यबिंदूभोवती फिरवण्यात होते. 16 सेंमी रुंद आणि 4 सेंमी खोल तुकडी मध्याभोवती काटकोनात फिरवली, तर तिची एक बाजू 6 सेंमी फुकटात पुढे जाते. म्हणून मध्याभोवती वळायची मुभा बहुधा विरळ रचनेच्या तुकड्यांनाच असते. दुसरी चूक कमानीऐवजी सरळ पट्टी लावण्याची. 45 अंशांना फरक 3 मिमीचा, तो चालून जातो. 90 अंशांना तो अडीच सेंमी भरतो. पुठ्ठ्याचा पाव वर्तुळाचा तुकडा किंवा दोरा वापरला की वाद मिटतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत पुठ्ठ्याचे तळ वाकून कोपरे उचलले जातात आणि मोजमाप बिघडते, त्यामुळे तळ 3 मिमी एमडीएफचे (दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीचे) बरे.

मागे फिरणे पायदळाला स्वस्त असते, कारण प्रत्येक शिपाई जागीच वळतो. घोडा रुंदीच्या मानाने फार लांब असल्याने दाट रांगेत एकट्याला फिरता येत नाही. म्हणून जड घोडदळाला जास्त दंड. विरळ चालणारे हलके घोडदळ कुठल्याही दिशेला वळते. 28 डिसेंबर 1659ची कोल्हापूरची लढाई मांडताना हाच फरक निर्णायक करावा. रुस्तुम-इ-जमान आणि फाजलखान यांच्या आदिलशाही फौजेला वळणाचा पूर्ण दंड आणि शिवाजी महाराजांच्या घोडदळाला सवलत दिली नाही, तर खेळ निव्वळ फाशांवर जातो.

षटकोनी घरांचे नकाशे 1961पासून अमेरिकी पट-खेळांमुळे रूढ झाले. तिथे वळण 60 अंशांच्या टप्प्यांनी होते आणि दर टप्प्याला बहुधा एक चालगुण (तुकडीला दर डावात चालीसाठी मिळणाऱ्या गुणांपैकी एक) लागतो. तोंड घराच्या कोपऱ्याकडे धरले की पुढे दोन, बगलेला दोन आणि मागे दोन घरे अशी स्वच्छ वाटणी होते. तोटा असा की ओळींना आडवे जाताना नागमोडी चालावे लागते आणि सुमारे 15 टक्के अंतर वाया जाते.

चिखल, झाडी किंवा चढ असल्यास चाल बहुधा अर्धी होते. तुकडीचा एक कोपराही चिखलात शिरला तर सगळी तुकडी संथ धरायची की नाही, हे खेळाआधी ठरवावे. घोडखिंडीची झुंज (13 जुलै 1660) मांडताना खिंडीची रुंदी एका तळाएवढी ठेवावी. तिथे चढाई करणाऱ्यांचे संख्याबळ मागेच अडकते, कारण लढतो फक्त पुढचा तळ. मार खाल्लेली तुकडी माघारी वळली की मागच्या आपल्याच तुकडीत घुसते, आणि पुष्कळ नियमांत दोन्ही विस्कळीत होतात. म्हणून हल्लेखोराने दोन तुकड्यांमध्ये निदान एका तळाच्या खोलीएवढी मोकळी जागा सोडावी.