प्रवासी विमानांची निवड आणि विमाननिर्मात्यांमधील स्पर्धा

प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपन्या नवी विमाने कशी निवडतात आणि त्यांची मागणी मिळवण्यासाठी विमाननिर्माते एकमेकांशी कशी चढाओढ करतात, हा या नोंदीचा विषय आहे. दीडशे किंवा त्याहून अधिक आसनांच्या जेट विमानांची जागतिक बाजारपेठ आज जवळजवळ पूर्णपणे दोघांच्या हाती आहे : अमेरिकेतील बोईंग (स्थापना १९१६) आणि युरोपीय देशांच्या भागीदारीतून १९७० मध्ये उभी राहिलेली एअरबस. एवढ्या मोठ्या उद्योगात दोनच विक्रेते का उरले, हे समजण्यासाठी आधी ग्राहकाचा हिशेब पाहावा लागतो.

विमान कंपनी प्रथम आपले मार्ग मांडते. अंतर किती, रोज प्रवासी किती, धावपट्टी केवढी आणि विमानतळ किती उंचीवर, हे प्रश्न आधी येतात. उष्ण प्रदेशात किंवा उंचावर हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. तेथून पूर्ण भारानिशी उडता येत नाही, म्हणून माहितीपत्रकातला पल्ला प्रत्यक्षात हाती लागत नाही. त्यानंतर दोन आकडे शेजारी ठेवले जातात : एका फेरीचा खर्च आणि एका आसनामागचा खर्च. मोठ्या विमानात आसनामागचा खर्च कमी दिसतो, पण तो आसने भरली तरच खरा. फेरीचा खर्च मात्र विमान रिकामे असले तरी चुकत नाही.

या दोन आकड्यांमधली ओढाताण एअरबस ए३८० च्या वाट्याला आली. दोन मजली, पाचशेहून अधिक प्रवाशांचे हे विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या सेवेत आले. मोठ्या विमानतळांवर गर्दी वाढेल आणि कंपन्या कमी फेऱ्यांत अधिक प्रवासी नेतील, अशी एअरबसची अटकळ होती. बोईंगने उलट बाजूने पैज लावली. ७८७ हे लहान, दोनच इंजिनांचे आणि ज्याच्या वजनाचा निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा (कार्बन तंतू आणि राळ यांचा) आहे असे विमान दूरच्या शहरांना मधल्या मोठ्या विमानतळाविना थेट जोडेल, असा तिचा विचार होता. ७८७ तीन वर्षे उशिराने, २०११ मध्ये सेवेत आले आणि २०१३ मध्ये बॅटऱ्यांना आग लागल्याने काही महिने जमिनीवर बसले. तरीही कंपन्यांचा कौल त्याच्याच बाजूने गेला. ए३८० ची २५१ विमाने बनली, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली आणि २०२१ मध्ये उत्पादन संपले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ए३८० अपयशी नव्हते. प्रवाशांना ते मनापासून आवडले, पण विमान विकत घेणारा प्रवासी नसतो.

इंधन हा खर्चातला सर्वांत मोठ्या घटकांपैकी एक. म्हणून नव्या इंजिनाने दहा-पंधरा टक्के बचत होणार असेल, तर चांगल्या स्थितीतली विमानेही बदलण्याचा विचार सुरू होतो. त्याच्या जोडीला ताफ्यातील एकजिनसीपणा येतो. वैमानिकाचा परवाना विमानाच्या प्रकाराशी बांधलेला असतो, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि सुट्या भागांचा साठाही तसाच. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने दशकानुदशके केवळ बोईंग ७३७ वापरून खर्च आटोक्यात ठेवला. एअरबसने १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए३२० मध्ये संगणकामार्फत चालणारी नियंत्रणप्रणाली आणली आणि पुढच्या विमानांत जवळपास तोच कॉकपिट ठेवला. त्यामुळे ए३२० चा वैमानिक थोड्या प्रशिक्षणाने मोठ्या ए३३० वर जाऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एअरबसच्या यशात पंख किंवा इंजिनांपेक्षा या निर्णयाचा वाटा मोठा आहे, कारण एकदा ताफा एका घराण्याचा झाला की घराणे बदलणे फार महाग पडते.

महाग, पण अशक्य नव्हे. ब्रिटनच्या ईझीजेट कंपनीचा ताफा ७३७ चा होता, तरी २००२ मध्ये तिने एअरबसकडे १२० ए३१९ विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी आयर्लंडच्या रायनएअरने बोईंगची १०० विमाने घेतली. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर बाजार मंदावला होता आणि निर्माते कारखाने चालू ठेवण्यासाठी धडपडत होते. अशा वेळी खरेदी करणाऱ्याला जी सवलत मिळते ती भरभराटीच्या काळात मिळत नाही. जाहीर किंमत ही केवळ बोलणी सुरू करण्याची जागा असते, मोठ्या मागणीवर ती निम्म्यापर्यंतही खाली येते. शिवाय प्रशिक्षण, सुटे भाग, जुनी विमाने परत घेण्याची हमी, इंधनखपतीची लेखी खात्री, अशा अटी करारात असतात. त्या सहसा गुप्त राहतात.

किमतीपेक्षाही अनेकदा तारीख महत्त्वाची ठरते. एअरबसकडे आठ हजारांहून अधिक विमानांची मागणी नोंदलेली असून लोकप्रिय प्रकारांसाठी बरीच वर्षे थांबावे लागते. म्हणून कंपन्या पक्क्या मागणीबरोबर पुढील जागांचे हक्कही राखून ठेवतात. रांगेत जागा नसेल तर भाडेपट्ट्यावर विमाने देणाऱ्या कंपन्यांकडे जावे लागते. जगातील सुमारे निम्मी प्रवासी विमाने आज अशा कंपन्यांच्या मालकीची आहेत. त्यांची नजर विमान वीस वर्षांनी कोणाला देता येईल यावर असते आणि त्यांचा शब्द निर्मात्यांना झुकवतो. एअरबसने ७८७ ला उत्तर म्हणून जुन्या ए३३० मध्ये सुधारणा करून पहिले ए३५० मांडले होते. २००६ मध्ये भाडेपट्ट्याच्या व्यवसायातील अग्रणी स्टीव्हन उद्वार-हाझी यांनी त्यावर जाहीर टीका केली. त्याच वर्षी एअरबसला रुंद धडाचा नवा आराखडा मांडावा लागला.

निर्मात्यांच्या बाजूने पाहता, नव्या विमानाचा आराखडा उभारण्यास अब्जावधी डॉलर लागतात आणि एक चूक कंपनी बुडवू शकते. पहिले जेट प्रवासी विमान, ब्रिटनचे कॉमेट, १९५२ मध्ये सेवेत आले. धातूच्या थकव्यामुळे ते हवेत फुटले, आणि तोवर बोईंग ७०७ व डग्लस डीसी-८ पुढे निघून गेली. पुढे लॉकहीडचे ट्रायस्टार आणि मॅक्डॉनेल डग्लसचे डीसी-१० एकाच मोजक्या बाजारासाठी भिडली. २५० ट्रायस्टार बनवून लॉकहीडने प्रवासी विमाने बनवणे थांबवले, तर मॅक्डॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोईंगमध्ये विलीन झाली. एअरबसलाही अमेरिकेत पाय रोवणे सोपे गेले नाही. १९७७ मध्ये तिने ईस्टर्न एअरलाइन्सला चार ए३०० विमाने सहा महिने वापरून पाहायला दिली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी २३ विमानांची मागणी आली. सरकारी मदतीवरून अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी २००४ पासून जागतिक व्यापार संघटनेत भांडण चालवले. २०२१ मध्ये त्यावर पाच वर्षांचा तह झाला.

स्पर्धेच्या घाईचे सर्वांत दुःखद उदाहरण २०११ चे आहे. एअरबसने नव्या इंजिनांचे ए३२०निओ जाहीर केल्यावर बोईंग अजून नव्या विमानाचा विचार करत होती. जुलैमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ४६० विमानांची मागणी नोंदवली, त्यांतली २६० एअरबसची. ऑगस्टअखेर बोईंगने १९६७ मध्ये प्रथम उडालेल्या ७३७ वरच नवी इंजिने बसवण्याचे ठरवले. ७३७ जमिनीला जवळ असल्याने मोठी इंजिने पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे बदललेला तोल सावरण्यासाठी घातलेली संगणकप्रणाली एकाच संवेदकावर विसंबून नाक खाली दाबू शकत होती आणि वैमानिकांना तिची पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. वैमानिकांना फारसे नवे प्रशिक्षण लागणार नाही, हे विक्रीचे वचन या सगळ्याच्या मुळाशी होते. एकजिनसीपणाचा फायदा कोठपर्यंत ताणावा, याचे उत्तर या अपघातांनंतर नियामकांना नव्याने द्यावे लागले.

तिसऱ्याला या बाजारात शिरणे किती कठीण, हे कॅनडाच्या बॉम्बार्डिएने अनुभवले. तिच्या ७५ सी सिरीज विमानांची मागणी २०१६ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने नोंदवली. बोईंगच्या तक्रारीवरून अमेरिकेने त्यांवर सुमारे ३०० टक्के कर प्रस्तावित केला. जानेवारी २०१८ मध्ये तो रद्द ठरला, पण तोवर कार्यक्रमाचा ताबा एअरबसकडे देण्याचे ठरले होते. ते विमान आता ए२२० म्हणून ओळखले जाते. ब्राझीलची एंब्राएर लहान जेट विमानांत पाय घट्ट रोवून आहे. चीनच्या कोमॅकचे सी९१९ मे २०२३ मध्ये प्रवासी सेवेत आले, मात्र त्याची इंजिने अमेरिकन-फ्रेंच भागीदारीतली आहेत. परदेशी कंपन्यांना ते घ्यायचे असेल, तर आपापल्या देशाच्या नियामकाची मान्यता आणि जगभर सुटे भाग पुरवणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी आधी लागतील.